पालवी फुटते तेव्हा नेमकं काय फुटतं?

टोरांटोत दर रविवारी मराठीचा वर्ग घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. धड्यात ‘वडाला पालवी फुटली’ असं वाक्य आलं आणि वर्गातल्या एका मुलीने काळजीने विचारलं, ‘मग आता ती जोडायची कशी?’ तिकडे वाढणाऱ्या मुलांच्या कानावर ‘फुटणे’ येतं ते ग्लास, फुगा आणि मोबाइलची काच यांच्याबरोबर. ताईंना चार गोष्टी हव्या आहेत. हे क्रियापद एकच की दोन वेगळी? ‘वडाला’ मधला ‘ला’ तिथे काय करतो? ‘वडाने पालवी फोडली’ असं म्हटलं तर चालेल का? आणि उगवणे, रुजणे, मोड येणे ही क्रियापदं असताना फुटणे नेमकं कुठे वापरायचं?

क्रियापद एकच आहे. त्या मुलीला एवढंच सांगा, की पालवीचे तुकडे झाले नाहीत. पालवी आत मिटलेली होती, तिच्यावरचं झाकण उघडलं आणि ती बाहेर आली. पण ताईंना मुलांच्या पुढच्या दहा प्रश्नांना तोंड द्यायचंय, म्हणून जरा खोलात जाते. गेली सव्वीस वर्षं मी शेतकऱ्यांसाठीची पत्रकं आणि माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचं काम करते, आणि या एका क्रियापदाने मला जेवढं शिकवलं तेवढं व्याकरणाच्या कुठल्या पाठाने शिकवलेलं नाही.

कामाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. डाळिंबावरचं एक पत्रक होतं. फळ मोठं होताना पाण्याचा खंड पडला आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं, तर फळाची साल चिरते. ते टाळायचं कसं, असा मजकूर होता. मी लिहिलं, ‘डाळिंब फुटू नये म्हणून पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवा.’ पत्रक सटाण्याकडच्या एका बैठकीत वाटलं गेलं. एका वयस्कर बागायतदाराने ते दोनदा वाचलं आणि शांतपणे मला विचारलं, ‘बाई, फुटू नये कसं? फुटावं म्हणूनच तर आम्ही ताण देतो.’

त्यांचं बरोबर होतं. डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानगळ करून घ्यायची, मग छाटणी, खतं आणि पहिलं पाणी. त्या पाण्यावर झाड ‘फुटतं’, म्हणजे नवी पालवी आणि कळी घेऊन जागं होतं. बागायतदाराच्या तोंडी ‘डाळिंब फुटलं’ ही वर्षाची सगळ्यात चांगली बातमी असते. फळाची साल चिरते त्याला ते ‘तडकणे’ म्हणतात, कुणी ‘उकलणे’ म्हणतात. मी जे होऊ देऊ नका म्हणून सांगत होते, ते त्यांचं सगळं पीकच होतं. पुढच्या छपाईत ‘फळ तडकू नये’ असं दुरुस्त केलं. त्या दिवसापासून ‘फुटणे’ लिहिताना मी थांबते आणि स्वतःला विचारते, काय फुटतंय, आणि फुटल्यावर बाहेर काय येतंय?

याच प्रश्नापासून मुलांना सुरुवात करून द्या. मोडतोडीच्या अर्थातसुद्धा मराठीत सगळं काही ‘फुटत’ नाही. फांदी मोडते. दोरी तुटते. सदरा फाटतो. खुर्चीचा पाय मोडतो. फुटतं ते मडकं, नारळ, फुगा, अंडं, गळू, बांध, धरण. म्हणजे ज्याला आत आणि बाहेर आहे, ज्याने काहीतरी आवळून धरलेलं आहे, ते फुटतं. पेपर फुटतो म्हणजे कागद फाटत नाही, पाकिटातले प्रश्न बाहेर येतात. बिंग फुटतं, गुपित फुटतं, तेही असंच. मोहरी तेलात फुटते आणि फोडणी होते. हरभरा भट्टीत फुटतो आणि फुटाणा होतो. दगड आणि लाकूड मात्र या चौकटीत नीट बसत नाहीत. दोन्ही भरीव, तरी आपण ते ‘फोडतो’. भाषेत अशी एखादी कड राहतेच, मुलांनी विचारलं तर तसंच सांगावं. बाकी सगळीकडे आवरण उघडणं आणि आतलं बाहेर येणं या दोन गोष्टी एकत्रच असतात. ग्लास फुटला की आपलं लक्ष आवरणाकडे जातं, कारण ते वाया गेलेलं असतं. पालवी फुटली की लक्ष बाहेर आलेल्याकडे जातं.

हा दुपेडीपणा मराठीने नव्याने आणलेला नाही. आपलं ‘फुटणे’ संस्कृत ‘स्फुट्’ धातूपासून प्राकृतातून आलं. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात हा धातू एका ठिकाणी ‘विकसने’ म्हणजे उमलणे या अर्थाने दिला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘विशरणे’ म्हणजे तुकडे होऊन विखुरणे या अर्थाने. ‘स्फोट’ त्यातलाच, आणि ‘प्रस्फुटित कळी’ही त्यातलीच. ज्यांनी धातूंची मोजदाद केली त्यांनाही हे दोन अर्थ दिसले होते.

आता ‘ला’. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण अर्थाचं खरं कुलूप इथे आहे. दोन वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा:

त्याला पाय फुटले.
त्याचे पाय फुटले.

पहिलं वाक्य टेबलावरून गायब झालेल्या पेनाबद्दल असतं: ‘पेन इथेच होतं, त्याला काय पाय फुटले?’ दुसरं थंडीत टाचांना भेगा पडलेल्या माणसाबद्दल. शब्द तेच, फक्त ‘ला’च्या जागी ‘चे’ आला. अजून एक जोडी घ्या. ‘वादाला तोंड फुटलं’ म्हणजे वाद सुरू झाला. ‘पोराचं तोंड फुटलं’ म्हणजे पोरगं पडलं आणि ओठ रक्ताळला. ‘ला’ लागतो त्याच्याकडे आधी नव्हतं ते आलं. ‘चा-ची-चे’ लागतो त्याच्याकडे होतं त्याला इजा झाली. ‘वडाला पालवी फुटली’ यात वड मिळवणारा आहे. ‘वडाची पालवी फुटली’ असं कुणी म्हणत नाही, आणि कानाला ते खटकतं ते याच कारणाने.

हा ‘ला’ पकडला की वाक्प्रचारांची एक मोठी रांग मुलांना पाठ न करता समजते. पाखराला पंख फुटतात. वासराला शिंगं फुटतात. पोराला मिसरूड फुटतं. गाईला पान्हा फुटतो, दगडाला पाझर फुटतो, मुक्याला वाचा फुटते, घाबरलेल्याला घाम फुटतो, रस्त्याला फाटा फुटतो. प्रत्येक वेळी कुणाला तरी काहीतरी आतून मिळतंय. आणि वाक्यातलं क्रियापद त्या नव्याने आलेल्या गोष्टीप्रमाणे चालतं, झाडाप्रमाणे नाही: झाडाला कोंब फुटला, पालवी फुटली, पान फुटलं, धुमारे फुटले. बाहेर वाढलेली मुलं इथे हमखास ‘झाडाला पालवी फुटलं’ म्हणतात, कारण त्यांच्या मनात कर्ता झाड असतं. चूक ऐकली की ‘काय बाहेर आलं?’ एवढंच विचारा. ‘पालवी.’ ‘पालवी आला, आली की आलं?’ मूल स्वतःच दुरुस्त करतं.

पण ताई, ‘ला’ नसलेली वाक्यंही रोजची आहेत, आणि तिथे शेताची माहिती असल्याशिवाय अर्थ लागत नाही. नाशिककडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी झाली, की एक-दोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब येतो त्या मिटलेल्या कळ्यांना, हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात. काही दिवसांनी डोळा फुगतो. मग तो ‘कापसतो’, म्हणजे वरचे खवले सरकतात आणि आतली पांढरट, तांबूस लव दिसायला लागते; बोटाने हळूच स्पर्श केला तर खरंच कापसासारखी लागते. त्यातून हिरवं टोक वर येतं तो ‘पोंगा’. तेव्हा बागायतदार म्हणतो, ‘डोळे फुटले’, आणि सगळ्या काड्यांवर एका वेळी झालं तर, ‘बाग एकसारखी फुटली.’ एकसारखी हा शब्द तो उगाच घालत नाही. बाग मागेपुढे फुटली तर पुढची प्रत्येक फवारणी कुणाला लवकर आणि कुणाला उशिरा पडते. आता ‘डोळा फुटला’ हे वाक्य एकटंच कागदावर ठेवलं तर ते दवाखान्यातलंही असू शकतं. म्हणजे या क्रियापदाभोवती तीन जागा आहेत: ज्याला मिळतं ते झाड, जे बाहेर येतं ती पालवी, आणि जे उघडतं तो डोळा. डोळा, बी, बोंड यांपैकी काही कर्ता झालं, तर चांगलं की वाईट हे त्या नामावरून आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. वऱ्हाडात ‘कापूस फुटला’ म्हणजे बोंडं उकलून पऱ्हाटी पांढरी झाली, वेचणीला माणसं बघा. तिथे फुटण्यात नुकसान नाही, हंगामच आहे.

याच कारणाने नामं जपून वापरावीत. ‘फूट’ एकच शब्द, पण पक्षात फूट ‘पडते’ आणि वेलीला फूट ‘येते’ किंवा ‘निघते’. पडली की दुफळी, आली की नवी वाढ. ‘फुटवा’ मात्र फक्त वाढीचा: गव्हाचे, भाताचे, उसाचे फुटवे. उसात पहिला येणारा जोमदार कोंब तो जेठा कोंब. तो मोडला की शेजारून फुटवे जोरात येतात, म्हणून पुष्कळ जण मुद्दाम काढतात. द्राक्षात जिच्यावर घड नाही ती ‘फेलफूट’, ती वेळेवर काढून टाकायची. उसाला तुरा येऊन वाढ थांबली, की वरच्या कांड्यांना बाजूने ‘पांगशा’ फुटतात. तेही फुटणंच, पण शेतकऱ्याला नको असलेलं. उलट ‘फुटका’ हे विशेषण वाढीच्या बाजूला कधीच जात नाही. फुटकी बादली असते, फुटकं नशीब असतं, पण पालवी आलेल्या झाडाला ‘फुटकं झाड’ म्हणत नाहीत. तसं म्हणायचं तर ‘फुटलेलं झाड’ किंवा ‘नव्या फुटीचं झाड’.

तिसरा प्रश्न: ‘वडाने पालवी फोडली’ चालेल का? नाही. आणि हे ‘नाही’ मला फार आवडतं.

‘फुटणे’ आपोआप घडतं, ‘फोडणे’ कुणीतरी घडवतं. काच फुटली, पोराने काच फोडली. धरण फुटलं, बांध फोडला. आवाजाच्या बाबतीत तर जे बाहेर येतं तेसुद्धा फोडता येतं: हंबरडा फोडला, टाहो फोडला, डरकाळी फोडली, अन्यायाला वाचा फोडली. दुसऱ्याला घामही फोडता येतो. पण कोंब, पालवी, पंख, मिसरूड, मुळं यांच्याबरोबर ‘फोडणे’ लावून पाहा, जीभच अडते. सूर्याने पालवी फोडली नाही, पावसाने कोंब फोडले नाहीत, माळ्याने मुळं फोडली नाहीत. द्राक्षवाला छाटणी करतो, पेस्ट लावतो, पाणी देतो, रात्री थंडी वाढली तर झोपत नाही; तरी त्याचं वाक्य ‘डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावली’ असंच असतं. तयारी सगळी त्याची, आणि क्रियापद मात्र ‘फुटावेत म्हणून’ पाशी थांबतं. माझ्याकडे इंग्रजीतून येणाऱ्या मजकुरात ‘हे औषध फुटवे निर्माण करते’ अशी वाक्यं ढिगाने असतात. मी ती ‘या औषधाने फुटवे जास्त येतात’ अशी करून घेते. कुणी भाषिक हट्ट म्हणेल, पण शेतकरी तसंच बोलतो, आणि त्याने तसं बोलण्याला कारण आहे.

झाडाला कर्ता करायचंच असेल तर मराठीत वेगळी क्रियापदं आहेत आणि ती सुंदर आहेत. आंब्याने मोहर धरला. वडाने पारंब्या सोडल्या. वेलीने मांडव धरला. नव्या रोपाने जीव धरला. धरणे आणि सोडणे ही कामं झाड करतं. फुटणे मात्र त्याला होतं.

आता शेजारची क्रियापदं. ‘उगवणे’ म्हणजे जमिनीतून किंवा क्षितिजाखालून वर येऊन दिसणे. बी उगवतं, तण उगवतं, दिवस उगवतो. पेराल तसं उगवतं, फुटत नाही. पेरणीआधी घरी उगवण पाहतात तेव्हा ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतात. सोयाबीनचे निदान 70 उगवले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. मुलांच्या वर्गात हा प्रयोग मूग घेऊन सहज होईल. त्या गोणपाटात दाण्यातून बाहेर आलेल्या टोकाला आपण ‘कोंब फुटला’ म्हणू, आणि पुरा दाणा चांगला निघाला की ‘उगवला’ म्हणू: एक दाण्याच्या बाजूने पाहणं, दुसरं रोपाच्या बाजूने. ‘सूड उगवणे’ पाहून मुलं गोंधळतील. तिथला ‘उगवणे’ सकर्मक आहे आणि जुन्या मराठीतल्या ‘वसूल करणे’ या अर्थाचा आहे; येणं उगवायचं, तसा सूड उगवायचा.

‘रुजणे’ खाली जातं. मूळ धरून जागा पक्की होणे म्हणजे रुजणे. कोकणात नवरात्रात रुजवण घालतात तो हाच शब्द. फांदीला मुळं फुटणं ही सुरुवात, फांदी रुजणं हा शेवट. मधे कित्येक दिवस जातात आणि पुष्कळ फांद्या मधेच जातात. म्हणून सवय रुजते, विचार रुजतो, पण कल्पनेला धुमारे फुटतात. ‘समाजात नव्या कल्पनांना पालवी रुजली’ असं एकदा माझ्यापुढे आलं होतं. पालवी वर असते, ती रुजत नाही.

‘मोड येणे’ स्वयंपाकघरातलं. मटकीला मोड येतात, तिला पालवी फुटत नाही. कांद्या-बटाट्याला मात्र कोंब फुटतात. आणि एक शब्द मुलांना जमला तर जरूर द्या, कारण तो पुस्तकांतून गेला आहे आणि शेतात जिवंत आहे: ‘निसवणे’. भाताचं कणीस पानाच्या वेष्टनात दडलेलं असतं तेव्हा भात ‘पोटरीत’ असतो, आणि कणीस सरकून बाहेर आलं की भात ‘निसवला’. जळगावकडे केळफूल बाहेर पडलं की ‘केळी निसवली’. इथे काही फाटत-फुटत नाही, अलगद सुटतं, म्हणून क्रियापदही वेगळं. पत्रकांत आम्ही याला कोरडं ‘फुलोरा अवस्था’ लिहितो आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

रुजण्याच्या ओघात एक खबरदारी. ‘नोकरीवर रुजू होणे’ मधला ‘रुजू’ अरबीतून आलेला आहे, त्याचा रोपाशी संबंध नाही. ‘रुजुवात’ही त्याच घरातला, हिशेब किंवा कागद समोरासमोर ठेवून ताडून पाहणे. हल्ली ‘चांगल्या सवयींची रुजवात’ असं सर्रास लिहिलं जातं, ते ‘रुजवण’ किंवा सरळ ‘सवयी रुजवणे’ हवं.

आणि वर्गासाठी एक गोष्ट. टोरांटोच्या थंडीत वड मिळणार नाही, पण घराघरांत कुंडीतलं रबराचं झाड असतं. ते वडाच्याच कुळातलं आहे. त्याच्या टोकाला लालसर, अणकुचीदार टोपण दिसेल. आत पुढचं पान सुरळी करून मिटलेलं असतं. वर्गात ती कुंडी ठेवा आणि दर रविवारी पाहा. एक दिवस टोपण एका कडेने उकलेल, सुरळी सुटायला लागेल, पान कोवळं आणि चकचकीत बाहेर येईल. मग टोपण वाळून गळेल आणि खोडावर त्याच्या जागी एक बारीक गोल कडं राहील. वडाच्या फांदीवरही तशीच कडी असतात, प्रत्येक कडं म्हणजे एकेकदा फुटलेलं पान. त्या रविवारी मुलांना तीन वाक्यं लिहायला सांगा: टोपण उकललं, कोंब फुटला, झाडाला नवं पान फुटलं. गळलेलं टोपण ‘जोडायची कशी’ विचारणाऱ्या मुलीच्या हातात द्या, तिला ते वहीत चिकटवू दे.